राखीव प्रमाण आणि कामाचा हक्क : ब्रिटनमधील 1944 च्या अपंग-सेवायोजन कायद्याचा इतिहास

अपंग व्यक्तीप्रत समाजाचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाला आधुनिक काळात दोन उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर दानाचे, दुसरे कामाचे. दानाची परंपरा प्राचीन असून तिला धर्माचे अधिष्ठान होते. काम हा अपंगांचा हक्क आहे, ही कल्पना मात्र औद्योगिक समाजात व विशेषतः दोन महायुद्धांच्या छायेत आकारास आली. या कल्पनेला कायद्याचे रूप देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने 1944 साली संमत केलेला अपंग व्यक्ती (सेवायोजन) कायदा होय. सुमारे अर्धशतक तो अमलात होता आणि अखेरीस त्याचा गाभा रद्द करण्यात आला. हक्काला आकड्याचे रूप दिले म्हणजे तो हक्क प्रत्यक्षात उतरतो काय, हा प्रश्न या इतिहासातून उपस्थित होतो व तो भारतीय अभ्यासकांनाही परका नाही.

पहिल्या महायुद्धातून असंख्य सैनिक जायबंदी होऊन घरी परतले, तेव्हा युरोपातील राष्ट्रांनी भिन्न मार्ग स्वीकारले. जर्मनीने 1920 साली आणि फ्रान्सने 1924 साली युद्धात अपंग झालेल्यांना ठराविक प्रमाणात कामावर घेण्याची सक्ती मालकांवर कायद्याने केली. ब्रिटनने सक्तीचा मार्ग टाळला. 1919 साली तेथे ‘किंग्ज नॅशनल रोल’ ही योजना सुरू झाली. आपल्या कामगारांत सुमारे 5 टक्के अपंग माजी सैनिक ठेवणाऱ्या मालकांची नावे या सन्माननोंदीत घातली जात आणि सरकारी कंत्राटांच्या वाटपात त्यांना अग्रक्रम मिळे. ही योजना सर्वस्वी मालकांच्या सदिच्छेवर अवलंबून होती. शिवाय ती केवळ सैनिकांपुरती होती. खाणीत पाय गमावलेला मजूर किंवा जन्मांध विणकर यांना तिच्यात स्थान नव्हते.

या वगळलेल्या वर्गाचा आवाज दुसऱ्याच बाजूने उमटला. 1899 साली स्थापन झालेली ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’ ही अंध कामगारांची संघटना प्रारंभापासून कामगार संघ म्हणून वावरत होती. धर्मादाय कार्यशाळांतील तुटपुंजी मजुरी व तेथील पालकत्वाची वृत्ती यांविरुद्ध तिचा रोष होता. एप्रिल 1920 मध्ये तिच्या सभासदांनी देशाच्या विविध भागांतून लंडनपर्यंत पायी मोर्चा नेला. ‘दान नको, न्याय हवा’ अशा आशयाची घोषणा त्यांच्या फलकांवर होती. त्याच वर्षी अंध व्यक्तींविषयीचा कायदा संमत झाला. त्याने अंधांना पन्नासाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन देऊ केले आणि त्यांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मोर्चाच्या सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत हे खरे. तथापि अपंगांनी स्वतः संघटित होऊन राज्यसंस्थेकडे हक्क मागितल्याचे हे लक्षणीय उदाहरण म्हणावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. तरुण रणांगणावर गेले, कारखान्यांना माणसे अपुरी पडू लागली आणि कालपर्यंत ‘कामास अपात्र’ ठरवलेली माणसे यंत्रांवर उत्तम काम करतात असे दिसून आले. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी 1941 मध्ये अपंगांच्या प्रशिक्षणाची तात्पुरती योजना आखली. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज टॉमलिन्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व जानेवारी 1943 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. बहुसंख्य अपंग व्यक्ती, योग्य प्रशिक्षण आणि योग्य कामाची निवड यांच्या साहाय्याने, सामान्य उद्योगांत स्वतःच्या गुणांवर उभ्या राहू शकतात, हे या अहवालाचे मुख्य प्रतिपादन होते.

या अहवालावर आधारलेल्या 1944 च्या कायद्याचे पहिले वैशिष्ट्य त्याच्या व्याख्येत आढळते. इजा, रोग अथवा जन्मजात व्यंग यांमुळे काम मिळविण्यात वा टिकविण्यात ज्याला विशेष अडचण येते तो अपंग, अशी ही व्याख्या होती. युद्धातील व शांततेतील अपंगत्व यांतील भेद तिने पुसून टाकला. अशा व्यक्तींसाठी स्वेच्छेने नाव घालावयाची नोंदवही ठेवण्यात आली आणि सेवायोजन कार्यालयांतून खास पुनर्वसन अधिकारी नेमण्यात आले. औद्योगिक पुनर्वसनाचे पहिले केंद्र सरे परगण्यातील एगम येथे 1943 मध्येच सुरू झाले होते. वीस किंवा अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाने नोंदलेल्या अपंगांना ठराविक प्रमाणात घेतले पाहिजे, हा कायद्याचा कणा होता. 1946 पासून हे सर्वसाधारण प्रमाण 3 टक्के झाले. ज्यांना खुल्या उद्योगांत काम मिळणे अशक्य होते त्यांच्यासाठी सरकारी साहाय्याने चालणारे महामंडळ 1945 मध्ये स्थापन झाले. पुढे ‘रेम्प्लॉय’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या संस्थेचा पहिला कारखाना 1946 साली वेल्समधील ब्रिजेंड येथे निघाला. खाणकामात अपंग झालेल्यांची त्या प्रदेशात मोठी संख्या होती, ही गोष्ट या निवडीच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

कायद्याची रचना अशी भक्कम दिसत असली तरी तिच्यात काही मूलभूत उणिवा होत्या. प्रमाणापेक्षा कमी अपंग कामावर असणे हा स्वतः गुन्हा नव्हता. प्रमाण अपुरे असताना परवान्याशिवाय नोंद नसलेल्या व्यक्तीला कामावर घेणे, किंवा सबळ कारणाशिवाय नोंदलेल्या अपंगाला काढून प्रमाण घटविणे, एवढाच गुन्हा होता. योग्य अपंग उमेदवार उपलब्ध नाही असे दाखविले की परवाना मिळे, आणि कालांतराने असे परवाने एकगठ्ठा देण्याची प्रथा पडली. खटला भरावयाचा तर मंत्र्याची संमती आवश्यक होती. परिणामी अर्धशतकाच्या अवधीत खटले झाले ते बोटांवर मोजण्याइतके. शासनाच्या स्वतःच्या खात्यांवर तर हा कायदा बंधनकारकच नव्हता. ती स्वेच्छेने प्रमाण पाळतील असे आश्वासन तेवढे देण्यात आले होते.

याहून उद्बोधक अशी एक तरतूद होती. काही कामे केवळ नोंदलेल्या अपंगांसाठीच राखून ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिला होता व त्यानुसार 1946 मध्ये दोन कामे निवडण्यात आली : उद्वाहकचालकाचे आणि वाहनतळावरील रखवालदाराचे. टॉमलिन्सन समितीने ज्या गुणवत्तेवर विश्वास ठेवला होता, तिच्यासाठी शासनाला ही दोनच कामे सुचावीत, यात त्या काळाच्या दृष्टीची मर्यादा स्पष्ट होते.

आकडेवारीही हीच कथा सांगते. 1950 च्या सुमारास नोंदवहीत नऊ लाखांहून अधिक नावे होती. पुढे ती संख्या सतत घटत गेली. नोंद करून लाभ काय, उलट मालकाच्या मनात किंतु मात्र निर्माण होतो, असा अनेकांचा अनुभव होता. नोंदलेल्यांची संख्या घटल्याने सर्व मालकांनी 3 टक्के प्रमाण पाळणे गणिताच्या दृष्टीनेच अशक्य झाले, आणि ही अशक्यता पुढे करून परवाने अधिक सढळपणे दिले जाऊ लागले. 1961 मध्ये पाचांपैकी सुमारे तीन मालक प्रमाण पाळत होते. 1993 मध्ये पाचांपैकी जेमतेम एक उरला. अखेर 1995 च्या अपंगत्व-भेदभाव कायद्याने राखीव प्रमाण रद्द ठरविले व 1996 च्या अखेरीस ते संपुष्टात आले. त्याच्या जागी भेदभावास मनाई आणि कामाच्या जागी वाजवी फेरबदल करण्याचे मालकाचे कर्तव्य ही तत्त्वे आली. तथापि वीसपेक्षा कमी माणसे ठेवणाऱ्या मालकांना प्रारंभी त्यातूनही सूट होती. म्हणजे जुन्या कायद्यातील विसाचा आकडा नव्या कायद्यातही काही काळ जिवंत राहिला. रेम्प्लॉयचे कारखाने मात्र या बदलानंतरही चालू होते. 2011 मध्ये लिझ सेस यांच्या अहवालाने, हा पैसा कारखान्यांऐवजी खुल्या नोकरीतील व्यक्तीला आधार देण्यासाठी खर्च करावा, अशी शिफारस केली आणि 2012-13 मध्ये उरलेले कारखाने बंद झाले अथवा विकले गेले. तेथील कामगारांनी व त्यांच्या संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. वेगळ्या कारखान्यात अपंगांना कोंडणे हा अन्याय, ही भूमिका तत्त्वतः योग्य होती. परंतु ज्याचा रोजगार गेला त्याला त्या तत्त्वाने दुसरा रोजगार आपोआप मिळवून दिला नाही.

भारतातील वाटचाल या पार्श्वभूमीवर तपासण्याजोगी आहे. अपंगांसाठीचे पहिले विशेष सेवायोजन कार्यालय 1959 मध्ये मुंबईत उघडले. 1968 मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे सुरू झाली. 1977 मध्ये केंद्र सरकारच्या क आणि ड वर्गांतील पदांत 3 टक्के आरक्षण आले आणि 1995 च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार दिला. 3 हा आकडा दोन्ही देशांत समान असला तरी त्याची दिशा नेमकी उलट आहे. ब्रिटनने खाजगी मालकाला बांधले व शासनाला मोकळे सोडले. भारताने शासनाला बांधले आणि खाजगी उद्योगाला केवळ प्रोत्साहन देऊ केले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय आस्थापनांतील प्रमाण किमान 4 टक्के केले आणि समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन सर्वच आस्थापनांवर घातले. पण खाजगी क्षेत्रातील प्रमाणाबाबत प्रोत्साहनाचाच मार्ग कायम ठेवला.

एका बाबतीत मात्र दोन्ही इतिहास विलक्षण जवळ येतात. ब्रिटनमधील राखून ठेवलेल्या दोन कामांप्रमाणेच भारतातही ‘अपंगांसाठी योग्य’ पदांची यादी करण्याची पद्धत होती, आणि आरक्षणाची मोजणी केवळ त्या पदांपुरती करण्याकडे प्रशासनाचा कल होता. ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरक्षण हे संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजले पाहिजे, असा निर्णय देऊन या प्रथेला आळा घातला.

या सर्व विवेचनावरून राखीव प्रमाणाचे तत्त्वच फोल होते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. 1944 चा कायदा निष्प्रभ झाला तो त्यातील आकड्यामुळे नव्हे. आकड्यामागे उभी राहावयाची यंत्रणा राज्यसंस्थेने कधीच पूर्णतः उभारली नाही यामुळे. 1920 साली लंडनकडे निघालेल्या अंध कामगारांनी न्याय मागितला होता. त्यांच्या वारसांना मिळाले ते प्रमाण, आणि त्या प्रमाणातून सुटण्याचा परवाना मालकांना मिळाला. हक्क आणि परवाना यांतील हे अंतर कायद्याच्या मसुद्यात दिसत नाही. ते दिसावयाचे तर सेवायोजन कार्यालयाच्या दप्तरांत आणि रिकाम्या राहिलेल्या जागांच्या हिशेबांतच शोधावे लागते.