विहिरीतले कासव आणि काचेतले कासव

महाराष्ट्रातील कित्येक जुन्या देवळांत सभामंडपाच्या फरशीवर दगडी कासव असते. देवापुढे जाण्याआधी आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. देवळातला हा मान घरच्या जिवंत कासवाच्या वाट्याला कितपत आला, हे पाहण्याजोगे आहे.

पूर्वी आडात, विहिरीत कासव सोडण्याची रीत होती. दख्खनच्या तळ्यांत आढळणारे, मागचे पाय कातडी झडपांनी झाकून घेणारे पाणकासव किडे, गोगलगायी, बेडूक, पाणवनस्पती आणि मेलेले जीवही खाते. त्यामुळे पाणी निर्मळ राहते, असा लोकांचा विश्वास होता. अर्थात ही व्यवस्था कासवाच्या सोयीची नव्हती. बांधीव विहिरीत त्याला ऊन खायला काठ नसे, अंडी घालायला माती नसे. तरी खोल पाणी व स्वतः शोधलेले अन्न एवढे तरी त्याला लाभत असे.

हैदराबादेत विहिरींचे महत्त्व ओसरण्याचा एक टप्पा नेमका सांगता येतो. सप्टेंबर १९०८ मधील मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. शहराला तेथून पाणी मिळू लागले, नळ घरात आले आणि वाड्यांतील विहिरी मागे पडत गेल्या. विहिरीबरोबर तिच्यातला राखणदारही विस्मरणात गेला.

पुढे कासव घरात परतले ते बाजारातून. कानामागे लाल पट्टा असलेले, ‘रेड इअर्ड स्लायडर’ नावाचे हे कासव मूळचे अमेरिकेच्या दक्षिण भागातले. विकत घेताना ते रुपयाच्या नाण्याएवढे दिसते. घरात कासव शुभ, या समजुतीने त्याला गिऱ्हाईक मिळाले. त्याच्या मायदेशात मात्र लहान मुलांना कासवांपासून साल्मोनेला जंतूंची बाधा होते असे आढळल्याने, चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली. युरोपीय संघानेही १९९७ मध्ये या जातीची आयात थांबवली. कारण कंटाळलेले मालक ती तळ्यात सोडत व तेथील मूळच्या जीवांवर संकट येई.

कूर्मी पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते, ही संतवाङ्मयातील कल्पना आपल्या परिचयाची आहे. वात्सल्याचे ते अनुपम रूपक आहे. पण निसर्गात मादी अंडी पुरून निघून जाते आणि काचपेटीतले कासव नजरेवर जगत नाही. त्याला पोहण्याजोगे खोल व वरचेवर बदललेले पाणी, अंग कोरडे करायला उंचवटा आणि रोज थेट ऊन लागते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातील अतिनील किरणे बव्हंशी अडतात आणि त्यांच्या अभावी कवच मऊ पडते. एकाच प्रकारच्या कोरड्या खाद्यावर ठेवल्यास जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडून डोळे सुजतात. हात लावल्यावर साबणाने हात धुणे हेही पाळलेच पाहिजे.

आपल्या देशी पाणकासवांची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती घरात बाळगणे हा गुन्हा आहे. कोठे सापडलेच, तर वनखात्याला कळवावे.

स्लायडर मात्र वीस-तीस वर्षे जगते व ताटलीएवढे होते. नातवंडांच्या हट्टाखातर आणलेले कासव, नातवंडे परदेशी गेल्यावर आजी-आजोबांच्या ओट्यावर उरते. तेव्हा तळ्यात सोडण्याचा मोह होतो; त्यात पुण्य नाही, तळ्यातल्या देशी कासवाच्या ताटातला घास काढून घेणे आहे. त्यापेक्षा जाणत्या हाती सोपवावे.

या शहरात दीर्घ सांभाळाचे उदाहरणही आहे. बाग-ए-आममधून १९६३ साली नेहरू प्राणिसंग्रहालयात आणलेले महाकाय गॅलापागोस कासव तेथे मार्च २०२४ मध्ये, सुमारे सव्वाशे वर्षांचे होऊन, मरण पावले. ते जमिनीवरचे कासव, जातही निराळी. पण हैदराबाद संस्थान, भारत, आंध्र, तेलंगण अशा राजवटी बदलल्या, रखवालदार निवृत्त झाले, तरी त्याच्यापुढचा चारा चुकला नाही. एका माणसाच्या हौसेने हे होत नसते. घरी कासव आणण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एवढाच, की आपल्यामागे त्याचे पाणी कोण बदलणार?