दारामागचं दार

आमच्या घराला पत्ता आहे. वसई, जिल्हा पालघर (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे), पिन कोड आणि विहिरीची खूण. पोस्टमन कधी चुकला नाही. पण गेल्या पावसाळ्यात नातू म्हणाला, "आजी, इंटरनेटवर आपल्या घराला पत्ताच नाही!"

झालं असं, की न्यू जर्सीतल्या माझ्या दादाला (वय ८४) आमच्या वडिलांच्या वह्या वाचायच्या होत्या. बागेचा जमाखर्च, विहीर खणल्याची हकिगत, आणि कुणाकुणाला दिलेले उसने पैसे. त्याची दृष्टी अधू होत चालली आहे, इकडे येणं आता शक्य नाही. "मोठ्या कंपन्यांच्या कपाटात ठेवू नकोस गं, घरातलं घरातच राहू दे," एवढीच त्याची अट. म्हणून नातवाने सगळी पानं स्कॅन केली, एका छोट्या डिस्कवर ठेवली, आणि ती डिस्क जोडायला नवा राऊटर आणला.

इंटरनेटवाल्यांची पेटी दिवाणखान्यात होतीच. तिच्यामागे आमचा राऊटर लावला आणि सगळंच बंद पडलं. दोघांचाही क्रमांक १९२.१६८.१.१! एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. आमच्याचा क्रमांक १९२.१६८.२.१ केला, तेव्हा घरातलं सुरू झालं. पण दादाला बाहेरून काही दिसेना.

आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे "असं का?" विचारल्याशिवाय चैन पडत नाही. शोधलं तेव्हा ही गोष्ट सापडली.

१९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांचा जो नियम ठरला, त्यात जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा ते अमाप वाटले असणार. दहा-बारा वर्षांतच टंचाईची चाहूल लागली. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती मांडली. ती मला शाळेच्या ऑफिसवरून लगेच कळली. शाळेतून जाणारं प्रत्येक पत्र शाळेच्याच पत्त्याने जातं. कारकून जावक बारनिशीत लिहून ठेवतो की हे कुठल्या वर्गाचं. उत्तर आलं की नोंद बघून शिपाई ते त्या वर्गात पोचवतो. एका पत्त्यावर अख्खी शाळा चालते! पण बाहेरून कुणी आपणहून, नुसतं शाळेच्या नावाने पत्र टाकलं तर? नोंदच नाही, मग देणार कुणाला? दादाचं पत्र असंच परत जात होतं. तेही एका नाही, दोन बारनिशांवरून.

गंमत म्हणजे ही युक्ती तात्पुरती म्हणूनच मांडली होती. १९९६ च्या फेब्रुवारीत आतल्या वापराचे पत्ते वेगळे काढून दिले, आपले १९२.१६८ वाले त्यातलेच. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण पंगतीला बसलो तेव्हा वाढप्यांची काटकसर सुरू झाली होती. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. २०१२ मध्ये कंपन्यांनी स्वतःच्या जाळ्यात वापरावेत म्हणून १००.६४ पासूनचे पत्ते राखून ठेवले गेले.

तात्पुरती सोय कशी कायमची होते, हे आम्हा शाळावाल्यांना कुणी सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये 'या वर्षापुरता' भरलेला वर्ग मी सतरा वर्षं शिकवला.

कंपनीला विनंती करून त्यांची पेटी ब्रिज मोडवर टाकून घेतली. म्हणजे ती आता नुसती तार पुढे देते, बारनिशी ठेवत नाही. वाटलं, सुटलो! राऊटरमध्ये बघतो तर पत्ता १००.७२ ने सुरू होणारा. म्हणजे आणखी एक दार, तेही कंपनीच्या आवारात.

आमच्या वसईला हे नवं नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या इथल्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाची गादी राहिली, वाडा राहिला, पण इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची सोय राहिली नाही. दार आपलं, पण त्यातून कुणाशी बोलायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. (नातू म्हणाला, "आजी, राऊटरवर एवढा राग?")

सुटका निघाली ती नव्या पद्धतीच्या पत्त्यांतून. त्यांचा मसुदा १९९५ च्याच डिसेंबरचा, आणि संख्या इतकी की घरातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता मिळावा. आपल्या दूरसंचार विभागाने २०१० च्या जुलैत त्यांचा आराखडा काढला, आणि आज या बाबतीत भारत जगात आघाडीवर आहे. आमच्या जोडणीत ती सोय होतीच, फक्त राऊटरमध्ये चालू करायची राहिली होती. मात्र खरा पत्ता मिळाला की पहाराही आपलाच. नातवाने सगळ्या खिडक्या बंद ठेवून एकच उघडली, तिलाही पासवर्डचं कुलूप.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांनी विहिरीच्या पानावर माझं नाव लिहिलंय गं. मी खणायला मदत केली म्हणून." तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

वहीतलं ते पान मी कितीदा चाळलं होतं. त्याचं नाव मात्र कधी दिसलं नव्हतं मला.