दूरचित्रवाणीची पहिली पावले

लोंढा स्थानकावर रेल्वेच्या तीन वाटा एकत्र येतात. एक बेळगाव-मिरजेकडे, दुसरी धारवाड-हुबळीकडे व तिसरी घाट उतरून गोव्याकडे जाते. रूळ टाकावा तेथे गाडी पोहोचते. दूरचित्रवाणीच्या लहरींचे तसे नाही. त्या जवळजवळ सरळ रेषेत धावतात आणि डोंगर आडवा आला की चित्र अडते. म्हणूनच या साधनाचा आरंभीचा इतिहास हा मुख्यतः महानगरांचा इतिहास आहे.

अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ या तरुणाने ७ सप्टेंबर १९२७ रोजी विद्युत्पद्धतीने केवळ एक रेषा पडद्यावर उमटवून दाखविली. ३० एप्रिल १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातून अध्यक्ष रूझवेल्ट यांचे भाषण प्रक्षेपित झाले. १ जुलै १९४१ रोजी तेथे एका घड्याळाची जाहिरात झळकली आणि व्यापाराने या साधनाचे पालकत्व पत्करले.

भारताने निराळा मार्ग धरला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणीच्या आश्रयाने आणि युनेस्कोच्या साहाय्याने जो प्रयोग सुरू झाला, त्याचा हेतू लोकशिक्षणाचा होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व मराठी भाषेला पडदा लाभला. पुढील वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांना ते कार्यक्रम दिसू लागले. परंतु सह्याद्रीच्या रानातील लोंढ्यापर्यंत तो मनोरा कसा पोहोचणार?

या अडचणीवर आकाशातूनच उपाय सापडला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट चित्रे उतरू लागली. सकाळी शाळकरी मुलांसाठी व सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम असत. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यांत होते. शेजारचा बेळगाव जिल्हा मात्र नव्हता. महाराष्ट्रही नव्हता, आणि प्रयोगाच्या भाषांत मराठीला स्थान नव्हते.

उपग्रह एका वर्षापुरताच मिळालेला होता. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. दरम्यान १ जानेवारी १९७६ पासून भारतीय दूरचित्रवाणीनेही जाहिराती स्वीकारल्या होत्या. अमेरिकेने पहिल्यापासून धरलेल्या वाटेवर आपलेही पाऊल पडले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. उपग्रह परदेशातून उसना आणता आला. कार्यक्रम मात्र ज्याच्या त्याच्या भाषेतच रचावे लागले. जेथे मराठी, कानडी व कोंकणी एकाच फलाटावर ऐकू येतात, तेथे ‘चित्र पोहोचले काय’ एवढेच विचारून भागत नाही. ते कोणाशी बोलते, हेही विचारावे लागते.