एका तारेचा इतिहास : संगणकावर भरणारी कॅमेऱ्याची बॅटरी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्या दिवसांतील जी छायाचित्रे आपण पाहतो ती फिल्मवर घेतलेली आहेत. फिल्मच्या साध्या कॅमेऱ्याला विजेची गरज जवळजवळ नसे. प्रकाश मोजण्यासाठी बसवलेला बटणाएवढा घट महिनोन्‌महिने पुरे आणि पूर्ण यांत्रिक कॅमेऱ्याचे तर त्यावाचूनही अडत नसे. अडचण होती ती फिल्म धुण्याची आणि छापण्याची.

पंधरा वर्षांनी, २००८ साली, नांदेडला गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. तोवर चित्र बदलले होते. खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे सामान्य माणसाच्या हाती आले होते. २०१० मध्ये तर जगभर असे बारा कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. धुण्या-छापण्याचा व्याप संपला, पण त्याची जागा एका नव्या काळजीने घेतली : बॅटरी संपली तर? मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ती वर्षे भारनियमनाची होती. दिवसातून अनेक तास भिंतीवरचा प्लग मुका असे. अशा वेळी छायाचित्रे उतरवून घेण्याच्या तारेतूनच बॅटरीही भरता आली तर किती सोय होईल! ही सोय पुढे झाली. ती कशी झाली याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, कारण त्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन आकड्यांची गाठ पडते.

पहिला आकडा : पाच

१९६० च्या दशकाच्या मध्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने टी.टी.एल. जातीच्या एकात्मिक मंडलांची मालिका बाजारात आणली. ही मंडले पाच व्होल्टवर चालत. ती इतकी लोकप्रिय झाली की पाच व्होल्ट हा संगणकाच्या आतील विजेचा जणू रिवाजच ठरला. १९८१ साली आयबीएमने वैयक्तिक संगणक काढला, त्याच्या वीजपुरवठ्यातही पाच व्होल्टची तार होतीच.

१९९० च्या सुमारास संगणकाच्या पाठीमागे तारांचे जंजाळ झाले होते. कळफलकाची खाच निराळी, माऊसची निराळी, छपाईयंत्राची त्याहून निराळी. हा घोळ संपवण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, एनईसी आदी सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यू.एस.बी. या सामाईक जोडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या कामात इंटेलमधील अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.

या जोडणीत चार तारा होत्या. दोन माहितीसाठी, दोन विजेसाठी. वीज दिली ती कळफलक, माऊस यांसारख्या लहान उपकरणांना वेगळा अडॅप्टर लागू नये एवढ्यासाठीच. बॅटरी भरणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. दाब अर्थातच पाच व्होल्ट, कारण संगणकात तोच तयार होता.

दुसरा आकडा : ४.२

आता दुसरीकडे वळू. पुन्हा पुन्हा भरता येणारा पहिला व्यवहार्य घट, म्हणजे शिसे-आम्लाचा, १८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी बनवला. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमचा घट शोधला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात याच जातीचे सोळा घट होते. एक धूसर चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. प्रकाशसंवेदक, गणन आणि नोंद या साऱ्यांनाच वीज हवी असल्याने डिजिटल कॅमेरा जन्मापासून बॅटरीचा आश्रित आहे, हे त्यावरून दिसते.

हलका आणि दमदार घट हवा होता. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात लिथियमची वाट दाखवली. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग सिद्ध केला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी सुरक्षित घट बनवला आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो आणि तो पूर्ण भरतो ४.२ व्होल्टला. त्यापलीकडे रेटले तर घट बिघडतो, प्रसंगी पेटही घेतो.

दोन आकड्यांची गाठ

पाणी उंच टाकीतून खालच्या रांजणात आपोआप येते, उलट जात नाही. विजेचेही तसेच. ४.२ व्होल्टचा घट भरायचा तर पुरवठ्याचा दाब त्याहून थोडा जास्त हवा. पाच व्होल्ट नेमका तसाच आहे : पुरेसा उंच, पण फार उंच नाही. त्यामुळे एकाच घटाच्या छोट्या कॅमेऱ्यात साधे, स्वस्त नियंत्रक मंडल घालून काम भागले. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत मात्र दोन घट एकापुढे एक जोडलेले असत. ते ८.४ व्होल्टला भरतात. तिथे पाच व्होल्टची टाकीच सखल पडते आणि दाब चढवणारे, पंपासारखे काम करणारे मंडल लागते. म्हणून लग्नसमारंभाच्या छायाचित्रकाराला वेगळा चार्जर बाळगणे बराच काळ भाग होते.

दाब जुळला, तरी धारेची अडचण होती. मूळ नियमानुसार संगणक जोडलेल्या उपकरणाला आधी फक्त १०० मिलिअँपिअर धारा देई. उपकरणाने आपली ओळख सांगून मागणी केली, तर ५०० पर्यंत. कॅमेरा चालू ठेवला तर त्यातली बरीचशी धारा तोच खाऊन टाकी. म्हणून अनेक कॅमेऱ्यांत बंद ठेवल्यावरच बॅटरी भरते. संगणक झोपी गेला, तर पुष्कळदा पुरवठाही थांबतो. आधीच्या कित्येक कॅमेऱ्यांत ही तार फक्त चित्रे उतरवण्यापुरतीच होती, त्यामागे अशी कारणे होती. २००७ मध्ये बॅटरी भरण्यासाठी वेगळे मानक आले आणि दीड अँपिअरपर्यंत धारा घेण्याची रीतसर वाट मोकळी झाली.

भारनियमनात याचा फायदा काय? टेबलावरचा संगणक वीज गेली की बंद. पण लॅपटॉप हा स्वतःच एक साठा आहे. साधारण ४५ वॉट-तासांच्या लॅपटॉपमधून ३.७ वॉट-तासांच्या कॅमेरा-बॅटऱ्या, वाटेतली गळती धरूनही, सहा-सात वेळा भरता येतील. अर्थात तेवढे लॅपटॉपचे काम कमी होणार. वीज कोठूनही फुकट येत नाही.

मानकाचे मोल

या इतिहासातला खरा धडा तारेच्या टोकाशी आहे. २००० च्या दशकात प्रत्येक कंपनीची खाच वेगळी होती. तार वा चार्जर हरवला, तर तालुक्याच्या गावी तो मिळण्याची खात्री नसे आणि धडधाकट कॅमेरा कपाटात पडून राही. शहरापासून जितके दूर, तितका वेगळेपणाचा भुर्दंड मोठा. सामाईक मानकाचा सर्वांत मोठा लाभ म्हणूनच अशा दूरच्या माणसाला होतो. २०१४ मध्ये टाइप-सी ही जोडणी आली. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलबरोबर डिजिटल कॅमेऱ्यांनाही ती सक्तीची झाली. भारतीय मानक ब्युरोनेही तिचे मानक प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना जुन्या कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची बॅटरी पाहायला सांगा. बॅटरी उघडायची वा टोचायची मात्र नाही. तिच्यावर व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास छापलेले असतात. दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात. १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५०० मिलिअँपिअर धारेने किती वेळात भरेल? हिशेबाने दोन तास. प्रत्यक्षात तीनच्या आसपास लागतात, कारण घट भरत आला की नियंत्रक धारा कमी करत नेतो. हंडा काठोकाठ आला की आपणही तोटी बारीक करतोच. मग विचारा : हीच बॅटरी १०० मिलिअँपिअरने भरायला किती वेळ लागेल? आणि संगणकाला आधी ‘मागणी’ करण्याचा नियम का घातला असेल? एकाच खाचेला चार उपकरणे जोडून पाहण्याची कल्पना मुलांना सुचली, की उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.