पदवीचा हिशेब



मी कुंभवलीचा. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि कारखाना सुरू झाला. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. अशा माणसाने महाविद्यालयाविषयी बोलावे हे कोणास अनाठायी वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात ठेकेदाराकडे काम करणारे एक गृहस्थ गेटवर मला म्हणाले, "भाऊ, पोरगी बारावी झाली. इतिहास शिकायचा म्हणते. पुण्याकडच्या खासगी कॉलेजचं माहितीपत्रक आणलंय. घर गहाण टाकू का?" त्यांना उत्तर देण्यापूर्वी मी हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वी कोणी कसा सोडवला ते पाहिले. तेच आज आपणापुढे ठेवतो.

शिक्षणाच्या खर्चाचा रोखठोक हिशेब आपल्याकडे प्रथम मागितला तो महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी विचारले की, सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, मग उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांनाच का? पैसा कोणाचा आणि फळ कोणाला, हा त्यांच्या प्रश्नाचा गाभा होता. तो आजही सुटलेला नाही.

दुसरे उत्तर आले पुण्यातून. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. हे खासगी महाविद्यालयच होते. पण त्याचा खर्च निघाला कसा? आगरकर एम. ए., टिळक कायद्याचे पदवीधर. सरकारी नोकरीत वा वकिलीत त्यांना कितीतरी अधिक मिळाले असते. तरी आजीव सदस्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे बंधन पत्करले. पुढे, सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही यावरून वाद पेटला आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. कामगार चळवळीतील माणसाला हा वाद परका वाटत नाही. तात्पर्य, तेथे शिक्षणाची किंमत एकट्या विद्यार्थ्याने भरली नाही. तिचा मोठा वाटा शिकवणाऱ्याने आपल्या मिळकतीतून भरला, आणि तो स्वखुशीने भरला.

परंतु फी कमी झाली तरी गरिबाचा खर्च संपत नाही. मुलगा वर्गात बसला की घरात येणारी मजुरी थांबते. हा छुपा खर्च ओळखला तो दोन माणसांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि तेथे सकाळचे वर्ग ठेवले. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकता येऊ लागले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले आणि 'कमवा व शिका' ही वाट घालून दिली. त्याआधी त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

यानंतर वारे फिरले. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला. देणग्यांचा सुळसुळाट इतका की १९८७ साली त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे खासगी विद्यापीठे आली आणि साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांचीही वर्षाची फी काही ठिकाणी लाखांत गेली. म्हणजे खर्चाचा सारा भार पुन्हा घरावर आला.

आता त्या गृहस्थांचा हिशेब. समजा, वर्षाची फी चार लाख. तीन वर्षांचे बारा लाख. मुलगी कामाला लागली असती तर दरमहा बारा हजार मिळवती. छत्तीस महिन्यांचे चार लाख बत्तीस हजार बुडाले. एकूण सोळा लाख बत्तीस हजार. पदवीमुळे पगार महिन्याला आठ हजारांनी वाढला असे धरले, तर वर्षाला शहाण्णव हजार. मुद्दल फिटायला सतरा वर्षे. आणि ते बारा लाख दहा टक्क्यांनी काढलेले असतील, तर वर्षाचे व्याजच एक लाख वीस हजार! वाढलेल्या पगारात व्याजही भागत नाही. माहितीपत्रकावर यशस्वी पदवीधरांचे पगार छापलेले असतात. त्यांतील किती जणांच्या घरी आधीच धंदा, ओळखी आणि भांडवल होते, ते छापलेले नसते.

मग इतिहास शिकू नये काय? मुळीच नाही! हजेरी, ओव्हरटाइम, भविष्यनिर्वाह निधी यांची कलमे मी स्वतः अडखळत वाचली. लिहिणारा, कागद पारखणारा, कालची गोष्ट आजच्याशी जोडणारा माणूस आमच्यातून न निघाल्यामुळे किती तंटे आम्ही हरलो, त्याची नोंद कोणत्याही पगारपत्रकात सापडणार नाही. असे शिक्षण श्रीमंतांचा शौक ठरले, तर कामगाराच्या वाट्याला नुसते कसब येईल आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती राहील.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले, "घर गहाण टाकू नका, पण पोरीचा इतिहास सोडवू नका. जवळच्या अनुदानित महाविद्यालयात घाला." आज ती पालघरला इतिहास शिकते. तेथे फी परवडते, कारण मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देते. मात्र रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक पाहिले की फर्ग्युसनची आठवण होते आणि मान खाली जाते. पंचाहत्तर रुपयांचा त्याग त्या मंडळींनी स्वतः निवडला होता. या तरुणांवर तो लादला आहे.

फुल्यांचा प्रश्न म्हणूनच पुन्हा विचारला पाहिजे. पदवीची किंमत एकट्या बापाने घर विकून देऊ नये आणि एकट्या शिक्षकाने उपाशी राहूनही देऊ नये. शिकलेल्या मुलीचा उपयोग साऱ्या गावाला होतो. मग तिच्या शिक्षणाच्या खर्चातला गावाचा वाटा गावाने का उचलू नये?