अनियमित तासांच्या कामगारांचा भरपगारी रजेचा हक्क (युनायटेड किंग्डम)

अनियमित तासांच्या कामगारांचा भरपगारी रजेचा हक्क हा युनायटेड किंग्डममधील कामगार कायद्याचा एक विषय आहे. ज्या कामगारांचे कामाचे तास दर आठवड्याला किंवा महिन्याला बदलतात, उदाहरणार्थ झीरो-अवर्स करारावरील वेटर, काळजीवाहक, गोदाम कामगार किंवा बदली शिक्षक, त्यांनाही इतर कामगारांप्रमाणे वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळण्याचा वैधानिक हक्क आहे. ही रजा कशी मोजावी आणि तिचे वेतन कोणत्या दराने द्यावे, यावर दीर्घकाळ वाद झाला. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले. उत्तर आयर्लंडमध्ये या विषयावरील कायदा वेगळा आहे.

पार्श्वभूमी

युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा देणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये त्याची अंमलबजावणी 'वर्किंग टाइम रेग्युलेशन्स, १९९८' या विनियमांद्वारे १ ऑक्टोबर १९९८ पासून झाली. सुरुवातीला रजा मिळण्यासाठी सलग १३ आठवडे नोकरी पूर्ण करण्याची अट होती. अल्पकालीन करारांवर काम करणारे चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील अनेक कामगार या अटीमुळे वंचित राहत. त्यांच्या 'बेक्टू' या संघटनेने आव्हान दिल्यानंतर युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये ही अट निर्देशाशी विसंगत ठरवली.

रजेचे प्रमाण २००७ मध्ये ४.८ आठवडे आणि १ एप्रिल २००९ पासून ५.६ आठवडे करण्यात आले. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्यासाठी हे २८ दिवस होतात आणि हीच वैधानिक रजेची कमाल मर्यादा आहे. सार्वजनिक सुट्ट्या या २८ दिवसांत धरण्याची मुभा मालकाला असते.

पात्रता

ब्रिटिश कायद्यात काम करणाऱ्यांचे कर्मचारी, कामगार आणि स्वयंरोजगारित असे तीन वर्ग मानले जातात. भरपगारी रजा पहिल्या दोन वर्गांना मिळते. करारात 'स्वयंरोजगारित' असे लिहिले असले, तरी प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहून दर्जा ठरतो. याच तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर कंपनीचे चालक 'कामगार' असल्याचा निर्णय दिला. हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नसल्यामुळे शिक्षण घेत असताना व्हिसाच्या अटींनुसार अर्धवेळ काम करणारे भारतीय विद्यार्थीही त्यास पात्र असतात.

१२.०७ टक्क्यांचा हिशेब

वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजेचे ५.६ आठवडे वजा केल्यास कामाचे ४६.४ आठवडे उरतात. ५.६ हे ४६.४ च्या १२.०७ टक्के आहेत. म्हणून केलेल्या कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के रजा देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली. मात्र २०२४ पूर्वीच्या विनियमांत या टक्केवारीचा उल्लेख नव्हता.

हार्पर ट्रस्ट वि. ब्रेझेल

या पद्धतीची कसोटी एका संगीत शिक्षिकेच्या दाव्यात लागली. तिचा करार वर्षभराचा होता, पण शाळेच्या सत्रांतच काम असे आणि आठवड्याचे तास बदलत असत. मालक संस्था तिला कमाईच्या १२.०७ टक्के रजावेतन देत असे. विनियमांप्रमाणे सरासरी आठवड्याच्या वेतनाला ५.६ ने गुणावे, असे तिचे म्हणणे होते. वर्षात ३२ आठवडे काम करणाऱ्याला या रीतीने कमाईच्या १७.५ टक्के रक्कम मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. वर्षाचा काही भागच काम करणाऱ्याला प्रमाणाने अधिक रजावेतन मिळत असले, तरी त्या कारणाने विनियमांतील स्पष्ट पद्धत बाजूला ठेवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

२०२४ पासूनचे नियम

या निकालानंतर सरकारने विनियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार ज्यांचे वेतनपात्र तास प्रत्येक वेतन कालावधीत पूर्णतः किंवा बहुतांशी बदलतात ते 'अनियमित तासांचे कामगार' होत. जे वर्षाचा काही भागच काम करतात आणि ज्यांना किमान एक आठवड्याचे बिनकामाचे व बिनपगारी कालखंड असतात ते 'अंशवर्षीय कामगार' होत. दोघांनाही प्रत्येक वेतन कालावधीच्या अखेरीस केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के रजा जमा होते. अर्ध्या तासाहून कमी अपूर्णांक सोडून दिला जातो. अर्धा तास वा अधिक असल्यास पूर्ण तास धरला जातो. आजारपण किंवा प्रसूती रजेच्या काळातही पूर्वीच्या सरासरी तासांवरून रजा जमा होत राहते.

उदाहरणार्थ, महिन्यात ८० तास काम केल्यास ९.६५६ म्हणजे १० तासांची रजा जमा होते.

रजावेतनाच्या पद्धती

मालक दोनपैकी एक पद्धत निवडू शकतो. पहिल्या पद्धतीत रजा घेतली जाते तेव्हा मागील ५२ सवेतन आठवड्यांच्या सरासरीने वेतन मिळते. वेतन न मिळालेले आठवडे वगळले जातात. मात्र १०४ आठवड्यांहून मागे जाता येत नाही.

दुसरी पद्धत 'रोल्ड-अप हॉलिडे पे' म्हणून ओळखली जाते. तीत प्रत्येक पगारासोबतच त्या कालावधीतील वेतनाच्या १२.०७ टक्के रक्कम दिली जाते. ताशी १३ पौंडांनी ८० तासांचे १,०४० पौंड होत असतील, तर त्यावर १२५.५३ पौंड मिळतात. ही रक्कम पगारपत्रकावर वेगळी दाखवणे आवश्यक आहे. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत निर्देशाविरुद्ध ठरवली होती. रजेचे पैसे आधीच मिळाल्यामुळे कामगार प्रत्यक्ष विश्रांती घेण्याचे टाळील, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे. म्हणूनच ही पद्धत स्वीकारली तरी प्रत्यक्ष रजा घेण्याची संधी देण्याचे मालकाचे कर्तव्य कायम राहते.

हक्क नाकारल्यास

मालकाने रजेचा हक्कच मान्य केला नाही किंवा रजा घेण्याची वाजवी संधी दिली नाही, तर न घेतलेली रजा पुढील वर्षांत नेता येते. नोकरी सुटल्यावर शिल्लक रजेचा मोबदला द्यावा लागतो. नोकरी चालू असताना मात्र वैधानिक रजेऐवजी पैसे देऊन ती रद्द करता येत नाही. थकीत रजावेतनाचा दावा रोजगार न्यायाधिकरणात करता येतो. त्यापूर्वी 'एकास' या सार्वजनिक संस्थेकडे समेटासाठी अर्ज करणे सर्वसाधारणपणे बंधनकारक असते.