डाव कोणाचा?

२१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अॅडॉल्फ अँडरसन आणि लिओनेल किझेरित्स्की बुद्धिबळाच्या पटावर बसले. शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती, पण हा डाव स्पर्धेतला नव्हता. फावल्या वेळात मांडलेला. अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरसुद्धा देऊन टाकला आणि उरलेले दोन घोडे व एक उंट एवढ्या बळावर तेविसाव्या खेळीला मात केली. हाच तो ‘अमर डाव’. तो छापला कोणी? हरलेल्या किझेरित्स्कीने, पॅरिसच्या आपल्या ‘ला रेजाँस’ या मासिकात.

मग हा डाव कोणाच्या मालकीचा? कॉपीराइटचा कायदा आधी कर्ता कोण ते विचारतो, आणि इथेच गाडे अडते. निम्म्या खेळ्या जिंकणाऱ्याच्या, निम्म्या हरणाऱ्याच्या. किझेरित्स्कीने ती मोहरी मारलीच नसती, तर अँडरसनच्या बलिदानाला अर्थ काय उरला असता? याला जुगलबंदीही म्हणता येत नाही. तिथे दोघे मिळून राग उभा करतात, इथे एकाने उभे केलेले दुसऱ्याला पाडायचे असते. बुद्धिबळातल्या कूटाची गोष्ट वेगळी. ‘अमुक खेळ्यांत मात करा’ असे सांगणारी रचना एकाच डोक्यातून निघते, तिला कर्ता असतो. १८१४ साली मुंबईत छापल्या गेलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या इंग्रजी पुस्तकात अशीच कूटे आहेत.

खेळाडूच्या बाजूने हा प्रश्न हिरिरीने लढवला तो इमॅन्युएल लास्करने. १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे तो जगज्जेता होता. त्याने ज्याला हरवून ते पद मिळवले, तो विल्हेल्म स्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात कफल्लक अवस्थेत वारला. वर्तमानपत्रे आणि पुस्तके ज्यांच्या डावांवर पाने भरतात, त्यांनी उपाशी का राहावे? लास्करचे म्हणणे असे की, डावावर खेळणाऱ्याचा हक्क हवा. समकालीनांनी त्याला पैशाचा लोभी म्हटले. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. स्टाइनिट्झचा शेवट त्याच्या डोळ्यांसमोर होता.

न्यायालयांत हा वाद पोहोचला तो इंटरनेट आल्यावर, आणि पोहोचवला तो खेळाडूंनी नव्हे. २०१० मध्ये सोफियाला आनंद आणि तोपालोव यांची लढत झाली. तिच्या खेळ्या ‘चेसबेस’ने चालू सामन्यातच प्रसिद्ध केल्या, म्हणून बल्गेरियाच्या बुद्धिबळ संघटनेने दावा लावला. बर्लिनच्या न्यायालयाने तो २०११ मध्ये फेटाळला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला कार्लसन आणि कर्याकिन यांच्या लढतीआधी ‘अॅगॉन’ या संयोजक कंपनीने काही संकेतस्थळांविरुद्ध मनाई मागितली. त्यांचा मुख्य आधार कॉपीराइट नव्हता, ‘ताज्या बातमी’चा होता. बातमी मिळवायला एकाने खर्च करायचा आणि दुसऱ्याने ती फुकट उचलायची, हे अन्यायाचे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या खटल्यात म्हटले होते. परंतु बास्केटबॉलची धावती गुणसंख्या पेजरवर पाठवण्याचा वाद १९९७ मध्ये वरच्या न्यायालयात आला, तेव्हा हे तत्त्व फार आकसले होते. न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी सामन्याच्या आदल्या दिवशी मनाई नाकारली. त्यांचा तर्क असा की, खेळी ही घडलेली वस्तुस्थिती आहे. ती सांगण्यापासून कोणाला रोखता येत नाही.

आपल्याकडे हाच पेच क्रिकेटमधून आला. मोबाइलवर धावसंख्या पाठवणाऱ्यांविरुद्ध प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेली वाहिनी उभी राहिली, आणि २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्या विरोधात निकाल दिला.

चित्रफीत, समालोचन, एखाद्या खेळीवर लिहिलेले भाष्य यांना मात्र संरक्षण मिळते. म्हणजे अमर डाव कोणीही छापावा, त्यावरची दुसऱ्याची टिपणे उचलू नयेत. कायद्याची ही रेघ मला योग्यच वाटते. खेळ्यांना कुंपण घातले, तर नव्या खेळाडूने शिकायचे कशावरून? पण लास्करचे गाऱ्हाणे तिच्या पलीकडचे आहे. न्यूयॉर्कच्या खटल्यात कंपनी होती, संकेतस्थळे होती, वकील होते. ज्यांच्या खेळ्यांसाठी एवढे रणकंदन चालले होते, ते कार्लसन आणि कर्याकिन त्यात वादी नव्हते आणि प्रतिवादीही नव्हते.